जुन्या बेसबॉल तिकिटाच्या तुकड्यावरून सामन्याची तारीख कशी काढायची

जुन्या अमेरिकन बेसबॉल तिकिटाचा उरलेला अर्धा तुकडा, म्हणजे स्टब, हातात आला की पहिला प्रश्न पडतो तारखेचा. आणि पुष्कळदा नेमकी तीच त्यावर नसते. मैदानाचं नाव असतं, विभाग, रांग आणि खुर्ची असते, पावसाबद्दल बारीक अक्षरांत चार ओळी असतात, शिवाय ठसठशीत टायपात ‘गेम ३८’ असंही असतं. वर्ष मात्र नाही, महिनाही नाही. दारावरच्या माणसाला लांबून आकडा दिसला की त्याचं काम भागायचं. सत्तर वर्षांनी कुणी भिंग लावून बसेल याची फिकीर तो कशाला करील?

न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, शिकागोकडच्या आपल्या मंडळींना गराज सेलमध्ये किंवा जुन्या घराचं सामान विकलं जातं तिथे असे तुकडे पाच-दहा डॉलरला मिळून जातात. बहुतेकांची किंमत तेवढीच असते. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये जॅकी रॉबिन्सन या, आधुनिक काळात मेजर लीगमध्ये (अमेरिकन बेसबॉलची सर्वोच्च पातळी) खेळलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूच्या, पदार्पणाच्या सामन्याचा (१५ एप्रिल १९४७, एबेट्स फील्ड, ब्रुकलिन) एक स्टब ४ लाख ८० हजार डॉलरला गेला. तेव्हापासून ‘हा बहुधा अमुक ऐतिहासिक सामन्याचा’ असं सांगणारे विक्रेते वाढले नसते तरच नवल. म्हणून तारीख स्वतः काढता आली पाहिजे, निदान विक्रेत्याने सांगितलेली तपासता तरी आली पाहिजे.

सगळ्या पद्धतीचा गाभा आधीच सांगतो. गेम नंबर दिसला रे दिसला की माणूस वेळापत्रक उघडून मोजायला बसतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं. तो आकडा घरच्या मैदानावरच्या सामन्यांना छापखान्यातल्या योजनेत दिलेला क्रमांक असतो, कॅलेंडरमधला नव्हे. आधी वर्षांचा पट्टा जमेल तितका अरुंद करायचा आणि गेम नंबरला अगदी शेवटी हात घालायचा.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

हे तिकीट कोणत्या सामन्यासाठी छापलं होतं, हा पहिला प्रश्न. ते दाखवून माणसाने कोणता सामना पाहिला, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात, आणि त्याला कारण पाऊस.

स्टबवरच्या बारीक मजकुराला ‘रेन चेक’ म्हणतात. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा, आणि एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात, आधी पाहुणे, मग यजमान. साधारण पाच इनिंग पूर्ण झाल्या, किंवा यजमान संघ पुढे असेल तर साडेचार, की सामना अधिकृत धरतात. टी-ट्वेंटीत दोन्ही संघांची किमान पाच षटकं झाली की निकाल लागू शकतो, तसाच हा हिशेब. त्याआधी पावसाने खेळ थांबला तर प्रेक्षकाकडचा अर्धा तुकडा पुढच्या सामन्याला चालायचा. म्हणूनच तो तुकडा जपून ठेवायची सवय लागली, आणि आज आपल्या हाती काहीतरी आहे.

याचा परिणाम असा, की पावसात वाहून गेलेल्या सामन्याचा स्टबही खिशात राहून गेलेला असू शकतो. बदली प्रवेश घ्यायला तो माणूस परत गेलाच नाही, इतकंच. असा तुकडा अस्सल असतो, पण त्याच्या नावाने लावायला सामनाच नसतो.

सुरुवात: स्कॅन, भिंग, वही

तुकडा दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करा. पुढचं सगळं काम त्या चित्रावर करायचं, मूळ तुकडा पुन्हा पुन्हा हाताळायचा नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. दिसेल ते प्रत्येक अक्षर वहीत उतरवा, कडेला उभं छापलेलं छापखान्याचं नावही. ते नाव एकट्याने वर्ष सांगत नाही, पण त्याच छापखान्याचे तारीखवाले स्टब पुढे ताडून पाहायला मिळाले की टाइप आणि मांडणी जुळते का, हे कळतं. फाटलेल्या कडेवर अर्धवट राहिलेलं अक्षरही सोडू नका. ‘...ER 14’ एवढंच दिसत असेल तर ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर असणार, कारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या १४ तारखेला बेसबॉल नसतो. नुसतं ‘...E 14’ असेल तर जून.

आणखी एक. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. मागच्या बाजूला पेन्सिलीने 6/4 असं खरडलेलं असेल तर ते ४ जून आहे. आपला हात सवयीने ६ एप्रिलकडे जातो आणि अर्धा दिवस चुकीच्या महिन्यात शोध घेण्यात जातो.

बेसबॉलच आहे ना?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण नावं फसवी आहेत. पोलो ग्राउंड्सवर ‘न्यूयॉर्क जायंट्स’ नावाचा बेसबॉल संघ खेळायचा, तसा त्याच नावाचा अमेरिकन फुटबॉलचा संघही १९२५ ते १९५५ तिथेच खेळत होता. एबेट्स फील्डवर १९३० ते १९४३ या काळात ब्रुकलिन डॉजर्स नावाचा फुटबॉल संघ होता. पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर १९३३ ते १९३९ फुटबॉलवाल्यांचंही नाव पायरेट्सच होतं. सेंट लुइसला १९६० ते १९८७ दोन्ही खेळांचे कार्डिनल्स. ‘ग्रिडिरॉन’, ‘यार्ड लाइन’, नोव्हेंबर-डिसेंबर, असलं काही दिसलं तर तुकडा बाजूला ठेवा. रेन चेकचा मजकूर आणि इनिंगचा उल्लेख ही बेसबॉलची भरवशाची खूण.

शिवाय याच मैदानांवर नीग्रो लीगचे, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग होत्या त्यांचे, सामनेही होत. होमस्टेड ग्रेज हा संघ वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर खेळायचा, यांकी स्टेडियमवरही असे सामने झाले आहेत. म्हणजे मैदान ओळखीचं असलं तरी संघ मेजर लीगचाच असेल असं नाही.

मैदान आणि संघ: पहिली कात्री

मैदानांची नावं बदलत गेली आणि संघ शहरं बदलत गेले. आपल्या दृष्टीने हे वरदानच आहे. दोन पट्टे एकमेकांवर ठेवायचे आणि सामाईक वर्षं काढायची.

डेट्रॉइटचं एकच मैदान घ्या. १९१२ पासून नॅव्हिन फील्ड, १९३८ पासून ब्रिग्स स्टेडियम, १९६१ पासून टायगर स्टेडियम, आणि १९९९ ला शेवट. सिनसिनाटीचं रेडलँड फील्ड १९३४ मध्ये क्रॉस्ली फील्ड झालं आणि जून १९७० मध्ये बंद पडलं. फिलाडेल्फियाचं १९०९ चं शाइब पार्क १९५३ मध्ये कॉनी मॅक स्टेडियम झालं आणि १९७० च्या हंगामाअखेर संपलं. शिकागोच्या कोमिस्की पार्कवर १९६२ ते १९७५ या काळात ‘व्हाइट सॉक्स पार्क’ हे नाव होतं, पुढे पुन्हा कोमिस्की. सेंट लुइसचं बुश स्टेडियम मात्र डोकेदुखी आहे, कारण या नावाची तीन मैदानं झाली: १९५३ मध्ये नाव बदललेलं जुनं स्पोर्ट्समन्स पार्क, मे १९६६ मध्ये उघडलेलं दुसरं आणि २००६ चं तिसरं. त्यातही १९६६ चा हंगाम एका बुशमध्ये सुरू होऊन दुसऱ्या बुशमध्ये संपला.

संघांचं तसंच. ब्रेव्ह्ज १९५२ पर्यंत बोस्टनला, १९५३ ते १९६५ मिलवॉकीला, १९६६ पासून अटलांटाला. त्यातही १९३६ ते १९४० ही पाच वर्षं बोस्टनच्या या संघाचं नाव ‘बीज’ होतं. डॉजर्स आणि जायंट्स १९५७ चा हंगाम संपवून कॅलिफोर्नियाला गेले. ह्यूस्टनचे कोल्ट फॉर्टी-फाइव्ह्ज १९६२ ते १९६४, पुढे अ‍ॅस्ट्रोज. सिॲटल पायलट्स हा संघ तर १९६९ चा एकच हंगाम जगला. त्याचा स्टब मिळाला तर वर्षाचा प्रश्न तिथेच मिटला.

पाहुण्या संघाचं नाव छापलं असेल तर कात्री आणखी धारदार होते. सेंट लुइस ब्राउन्स १९५३ पर्यंतच होते. १९५४ ला तोच संघ बाल्टिमोर ओरिओल्स झाला.

यांकींच्या तिकिटावर शे स्टेडियम दिसलं तर गोंधळू नका. यांकी स्टेडियमची दुरुस्ती चालली होती तेव्हा, १९७४ आणि १९७५ मध्ये, ते मेट्सच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाच्या, घरी भाडेकरू होते. आणि पोलो ग्राउंड्सवर १९६२-६३ चे मेट्स सापडले तर तेही बरोबर आहे.

कराचा हिशेब: माझ्या मते सर्वात भरवशाचा पुरावा

तिकिटाच्या कोपऱ्यात बहुतेक लोक न वाचता सोडून देतात अशा तीन ओळी असतात: मूळ किंमत, फेडरल टॅक्स आणि एकूण. अमेरिकी सरकारने करमणुकीच्या प्रवेशावर १९१७ मध्ये युद्धखर्चासाठी कर बसवला. मधल्या काळात स्वस्त तिकिटांना सूट कमीजास्त होत राहिली. १ ऑक्टोबर १९४१ पासून दहा टक्के कर जवळपास सरसकट लागू झाला. १ एप्रिल १९४४ पासून तो वीस टक्के झाला, १ एप्रिल १९५४ पासून पुन्हा दहा, आणि १९६५ च्या अखेरीला रद्दच.

आता कॅल्क्युलेटर काढा. समजा तिकीट एकूण अडीच डॉलरचं आहे. मूळ किंमत २.०८ आणि कर ०.४२ असं छापलं असेल तर ०.४२ भागिले २.०८, म्हणजे साधारण वीस टक्के. हे तिकीट १९४४ ते १९५३ च्या हंगामांतलं. तेच अडीच डॉलर २.२७ अधिक ०.२३ असे फोडले असतील तर दर दहा टक्के. मग ते १९५४ ते १९६५ मधलं, किंवा १९४२-४३ चं, किंवा त्याही आधीचं. दहा टक्क्यांचा काळ एकाहून अधिक वेळा आला, ही इथली मेख. पण वीस टक्के एकदाच आले. त्यामुळे वीस टक्के दिसले की निम्मं काम झालं म्हणायचं. एकूण किंमत १.२० आणि त्यात कर ०.२० हे युद्धाच्या शेवटापासूनच्या दशकाचं, तर १.१० मध्ये ०.१० हे त्याआधीच्या काळात नेहमी दिसणारं गणित.

दोन ठिकाणी जपून. काही ठिकाणी शहराचा किंवा राज्याचा कर वेगळा असे. तो फेडरल करात मिसळून भागाकार केला तर दर चौदा-पंधरा टक्के असा काहीतरी विचित्र येतो. असं झालं की कराच्या ओळी पुन्हा वाचा. दुसरं, १९५४ ची करकपात ३१ मार्चला मंजूर झाली आणि दुसऱ्याच दिवशी लागू झाली. हंगाम तेव्हा एप्रिलच्या मध्यावर सुरू व्हायचा आणि तिकिटं त्याआधीच छापून पडलेली असू शकतात. म्हणून १९५४ च्या बाबतीत छापील दरावर एकट्यावर विसंबू नका. दुसरा पुरावा हवाच.

वार, वेळ आणि दिवे

कधीकधी वर्ष नसतं, पण ‘शनिवार, १४ जून’ एवढं असतं. हे सोन्यासारखं. एबेट्स फील्ड चालू होतं त्या १९१३ ते १९५७ या काळात १४ जूनला शनिवार आला तो फक्त १९१३, १९१९, १९२४, १९३०, १९४१, १९४७ आणि १९५२ साली. त्यावर कराची कात्री चालवा: वीस टक्के असतील तर १९४७ आणि १९५२ दोनच उरले. मग त्या दोन शनिवारी डॉजर्स घरी होते की बाहेरगावी, आणि समोर कोण होतं, एवढंच पाहायचं. कुठलंही शतकी कॅलेंडर यासाठी चालतं.

रविवार असेल तर जुने कायदे कामाला येतात. न्यूयॉर्कमध्ये रविवारचा व्यावसायिक बेसबॉल १९१९ पासून, बोस्टनला १९२९ पासून, पेन्सिल्व्हेनियात १९३४ पासून. त्याआधीच्या रविवारचं फिलाडेल्फियाचं तिकीट कुणी दाखवलं तर, १९२६ चा एक अपवाद सोडून, हसून परत द्यावं.

‘नाइट गेम’ किंवा रात्री साडेआठची वेळ असेल तर त्या मैदानावर दिवे कधी लागले ते पाहा. मेजर लीगचा पहिला रात्रीचा सामना २४ मे १९३५ ला क्रॉस्ली फील्डवर झाला. एबेट्स फील्डवर १९३८, शाइब पार्क आणि कोमिस्कीला १९३९, पोलो ग्राउंड्स आणि फोर्ब्स फील्डला १९४०, ग्रिफिथला १९४१, यांकी स्टेडियमवर १९४६, बोस्टनच्या फेनवेला १९४७, डेट्रॉइटला १९४८. शिकागोचं रिग्ली फील्ड मात्र ऑगस्ट १९८८ पर्यंत अंधारात राहिलं, आणि तिथला दिव्याखालचा पहिला सामनाही पावसाने धुऊन काढला.

मागची बाजू

जाहिरात, पत्ता, फोन नंबर. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर छपाई १ जुलै १९६३ नंतरची. शहराच्या नावापुढे नुसता एक-दोन आकडी विभाग (‘फिलाडेल्फिया ३२’ असा) असेल तर साधारण १९४३ ते १९६३. फोन नंबर दोन अक्षरांनी सुरू होत असेल तर जुना समजा, पण ती पद्धत गावोगाव वेगवेगळ्या वेळी गेली, म्हणून त्यावर फार भार टाकू नका.

क्लबच्या अध्यक्षाचं नाव किंवा छापील सही असेल तर उत्तमच. यांकींचे जेकब रुपर्ट जानेवारी १९३९ मध्ये वारले, त्यानंतर १९४५ पर्यंत एड बॅरो, मग १९४७ पर्यंत लॅरी मॅकफेल. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेच्या, तिकिटावर कमिशनरची (मेजर लीग बेसबॉलच्या प्रमुखाची) सही असते: लँडिस १९४४ पर्यंत, मग चँडलर १९५१ पर्यंत, फोर्ड फ्रिक १९६५ पर्यंत, एकर्ट १९६८ पर्यंत, बोवी कून १९६९ ते १९८४. वर्ल्ड सिरीजच्या तिकिटावरचा गेम नंबर सबंध मालिकेतला आहे की त्या मैदानावरचा, हेही आधी पाहून घ्या. आणि न फाडलेलं, कोरं करकरीत वर्ल्ड सिरीज तिकीट दिसलं तर त्या वर्षी तो संघ तिथवर पोचला होता का, हे तपासा. १९६४ मध्ये फिलाडेल्फियाचा फिलीज हा संघ बारा सामने उरले असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होता. तिकिटं छापून झाली, आणि संघ घसरला. ती तिकिटं आजही फिरतात.

हाताने लिहिलेला धावफलक सर्वात गोड पुरावा. ‘डॉजर्स ५, जायंट्स ३, स्नायडर होमर’ असं काही असेल तर तेवढ्यावर सामना सापडू शकतो. फक्त शाई पाहा. अमेरिकेत बॉलपेन दुकानांत आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. १९३२ च्या म्हणवणाऱ्या स्टबवर बॉलपेनने स्कोअर लिहिला असेल तर तो कुणीतरी नंतर लिहिला. लबाडीनेच लिहिला असेल असं नाही. म्हातारपणी आठवणीने लिहिणारी माणसंही असतात, पण आठवण म्हणजे नोंद नव्हे.

आता गेम नंबर

एक सोपी चाळणी आधी. १९०४ पासून, १९१९ सारखा अपवाद सोडला तर, हंगाम १५४ सामन्यांचा होता, म्हणजे घरचे ७७. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी अमेरिकन लीगने १९६१ मध्ये आणि नॅशनल लीगने १९६२ मध्ये १६२ सामने केले, म्हणजे घरचे ८१. आकडा ७७ च्या वर असेल तर बहुधा नंतरचा काळ. ‘बहुधा’ म्हणतो, कारण बरोबरीत सुटलेले सामने पुन्हा खेळवत, आणि जादा क्रमांक छापून ठेवायलाही कुणाची ना नव्हती.

आता एक नमुना घेऊ. समजा स्टबवर आहे: कॉनी मॅक स्टेडियम, ॲथलेटिक्स (फिलाडेल्फियाचा तेव्हाचा एक बेसबॉल संघ), राखीव खुर्ची, कर वीस टक्के, गेम ३८. मैदानाचं हे नाव १९५३ पासून. ॲथलेटिक्स १९५४ नंतर कॅन्सस सिटीला गेले. म्हणजे दोनच हंगाम. वीस टक्के असल्याने १९५३ कडे पारडं झुकतं, पण वर सांगितलेल्या कारणामुळे १९५४ ची आगाऊ छपाई पूर्ण बाद होत नाही. पाहुण्यांच्या जागी ब्राउन्स असतील तर १९५३ पक्कं, बाल्टिमोर असेल तर १९५४. पाहुण्यांचं नावच नसेल, तर त्याच वर्षीच्या तारीखवाल्या तिकिटांशी रंग, टाइप आणि किंमत ताडून पाहायची.

वर्ष १९५३ धरून पुढे जाऊ. रेट्रोशीट या मोफत प्रकल्पाच्या संकेतस्थळावर प्रत्येक हंगामाचं मूळ वेळापत्रक आहे. हंगामाआधी ठरलेलं ते. कोणता सामना पुढे ढकलला आणि कधी खेळवला, हेही तिथे आहे. बेसबॉल-रेफरन्सवर दिसते ती प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या सामन्यांची यादी. दोन्ही लागतात. बरेच जण फक्त दुसरी उघडतात, घरचे सामने एक-दोन-तीन करत अडतीसपर्यंत मोजतात आणि जी तारीख येते ती छातीठोकपणे लिहून टाकतात. मे महिन्यात तीन वेळा पाऊस पडला असेल तर ती तारीख तीन सामन्यांनी पुढे सरकलेली असते.

म्हणून मूळ वेळापत्रकावर मोजा, आणि दोन पद्धतींनी मोजा. एकदा प्रत्येक सामन्याला एक क्रमांक देऊन. दुसऱ्यांदा प्रत्येक प्रवेशाला एक क्रमांक देऊन, कारण एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने, म्हणजे डबलहेडर, असले तर तिकीट सहसा एकच असायचं. पन्नासच्या दशकात पुष्कळदा रविवारी आणि सुटीच्या दिवशी डबलहेडर ठेवायची पद्धत होती, त्यामुळे दोन मोजण्यांत हंगामाच्या मध्यापर्यंत चांगलंच अंतर पडतं. तुमच्या वहीत आता ३८ साठी दोन तारखा असतील.

तिसरी गुंतागुंत वाहून गेलेल्या सामन्याची. त्याचा क्रमांक मेला असं धरून क्लब पुढचा क्रमांक वापरत गेला, की तोच क्रमांक पुढच्या दिवशी चालवून सगळी माळ एकाने सरकवली? क्लबागणिक आणि वर्षागणिक दोन्ही शक्यता धराव्या लागतात. इथे तर्क चालत नाही, खुंटी लागते. खुंटी म्हणजे त्याच क्लबचा, त्याच वर्षाचा, गेम नंबर आणि तारीख दोन्ही निर्विवाद असलेला दुसरा स्टब. लिलावगृहांची जुनी सूचीपत्रं आणि विक्री झालेल्या वस्तूंची चित्रं यासाठी चाळा. नुसतं विक्रेत्याचं वर्णन खुंटी ठरत नाही. तारीख छापलेली हवी, किंवा स्टब सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेला त्या काळीच चिकटवलेला हवा. हंगामाच्या सुरुवातीची एक खुंटी आणि शेवटची एक मिळाली, की कोणती मोजणी दोन्हींतून जाते ते लगेच कळतं, आणि तुमचा ३८ आपोआप जागेवर बसतो. एकच खुंटी मिळाली तर ती तुमच्या नंबरच्या जितकी जवळ तितकी उपयोगाची. दरम्यान पाऊस पडलाच नसेल तर शंकाच उरत नाही.

गेम १ असेल तर हे सगळं टळतं, कारण तो घरच्या हंगामाचा पहिला दिवस. रॉबिन्सनचं पदार्पण ब्रुकलिनच्या घरच्या पहिल्या सामन्यात झालं. हँक ॲरनचा बेब रूथचा विक्रम मोडणारा ७१५ वा होम रन (८ एप्रिल १९७४) अटलांटाच्या घरच्या पहिल्या सामन्यात. पण म्हणूनच ‘गेम १’ म्हटलं की वर्ष दहादा तपासायचं. हे आकडे दर वर्षीच्या तिकिटांवर असतात, आणि १९४६ किंवा १९४८ चा गेम १ हा १९४७ चा म्हणून खपवण्यात विक्रेत्याचा किती फायदा आहे, ते वरच्या किमतीवरून दिसतंच.

तारीख हाती आली की त्या दिवसाच्या वर्तमानपत्राशी ताडून पाहा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मोफत संग्रहात वॉशिंग्टनच्या ‘ईव्हनिंग स्टार’चे १९६३ पर्यंतचे अंक आहेत. ग्रिफिथ स्टेडियमच्या स्टबसाठी याहून चांगलं काही नाही. सामन्याच्या आदल्या दिवशीच्या अंकातली तिकिटांची जाहिरात वाचा, किंमत आणि वेळ तिथे मिळते.

हंगामी पुस्तिका, साधा प्रवेश आणि संगणकी तिकिटं

ब्लीचर (उघड्यावरची स्वस्त बाकं) किंवा साध्या प्रवेशाच्या तिकिटावर पुष्कळदा गेम नंबरही नसतो, फक्त अनुक्रमांक. अशा तुकड्याचं वर्ष किंवा दशक सापडलं तरी खूप. हंगामी पुस्तिकेतल्या तिकिटांवर नंबर असतात, पण ती खिडकीवर विकलेल्या तिकिटांपेक्षा वेगळ्या मांडणीची असू शकतात, तेव्हा खुंटी त्याच जातीच्या तिकिटाची घ्या. साठच्या दशकाच्या अखेरीपासून टिकेट्रॉनसारख्या यंत्रणांची संगणकावर छापलेली तिकिटं येऊ लागली. त्यांवर तारीख असते आणि अडचण उलटी असते: त्यांतल्या उष्णतेने छापलेल्या तिकिटांची अक्षरं पुसट होत जातात. ती उन्हात किंवा दिव्याजवळ ठेवू नका, आधी स्कॅन करा.

नकली तर नाही?

भिंगाखाली पाहा. जुन्या खिळाछपाईत अक्षराच्या कडेला शाई किंचित दाटते आणि कागदावर दाब जाणवतो. अक्षरं रंगीत ठिपक्यांच्या फुलांनी बनलेली दिसली तर ती छायाचित्रावरून केलेली प्रत. मग अंधारात अतिनील टॉर्च लावा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आली. १९२७ चा म्हणवणारा स्टब निळसर झळाळून उठला तर तो १९२७ चा नाही. झळाळला नाही म्हणून मात्र तो अस्सल ठरत नाही, कारण जुना कोरा कागद मिळवणं अवघड नाही. प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून देणाऱ्या प्रमाणीकरण कंपन्यांचं लेबल असलं तरी त्यावरची तारीख वरच्या पद्धतीने एकदा काढून पाहायला हरकत नाही.

नोंद

तुकड्यावर काही लिहू नका, लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर मुळीच नको. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा आणि सोबतच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा: छापलेलं काय, अनुमान काय, कशावरून. आपल्या नमुन्याची चिठ्ठी अशी होईल: ‘ॲथलेटिक्स, कॉनी मॅक स्टेडियम, १९५३ (मैदानाचं नाव आणि वीस टक्के कर, १९५४ ची शक्यता थोडी). गेम ३८. सामन्यागणिक मोजणीने एक तारीख, प्रवेशागणिक मोजणीने दुसरी. खुंटी अजून मिळालेली नाही.’ विकायला काढलात तरी हीच चिठ्ठी खरेदीदारासमोर ठेवा. दोन्ही तारखांपैकी एखाद्या दिवशी काही मोठं घडलं असेल तर तो स्वतःच विचारील, आणि खुंटी शोधण्याचं काम तेव्हा त्याच्याकडेही जाईल.